भाण चढवल्यावर उठायचं नसतं

हे कोणासाठी लिहितोय ते आधी सांगून टाकतो. ज्याला ऑपरेशनची भीती नाही पण भुलीची आहे, त्याच्यासाठी. पोटाला भोकं पाडा, टाके घाला, सगळं कबूल. पण "पूर्ण भूल द्यावी लागेल" एवढं ऐकलं की जो उठून दाराकडे बघतो, तो माझा माणूस. शेजाऱ्याला सांगावं तर तो हसतो. "अरे, झोपायचंच तर आहे!" म्हणतो. कसलं झोपायचं, कपाळ! झोपेत माणूस आपला श्वास आपण घेतो. इथे तोसुद्धा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं व्हायचं.

मी लाटंबार्से गावचा. थोडी भातशेती, डोंगरावर काजूची बाग आणि बागेच्या पायथ्याला आमची भाटी. मार्च उजाडला की बोंडू, म्हणजे काजूची पिकली फळं, गोळा करायचे, त्यांचा रस काढायचा, तो आंबला की तांब्याच्या मोठ्या भांड्यात ओतायचा. त्या भांड्याला आम्ही भाण म्हणतो. खाली लाकडं पेटवायची आणि नळीतून थेंबथेंब उतरते ती हुर्राक धरायची. बाबा हेच करायचे, मीही हेच करतो. डॉक्टरांशी माझा संबंध एक दात काढण्यापुरता. तेव्हाही माझी बायको शालन बरोबर होती, आणि परतीच्या बसमध्ये मी किती बोंबललो ते तिनेच सगळ्यांना ऐकवलं.

एका घरात दोन पेशंट

तुळशीचं लग्न झालं आणि माझं पोट दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली, जेवण झालं की. शालन म्हणाली गॅस, मी म्हणालो तिने केलेलं खतखतं, ती भाज्यांची आमटी. त्यावरून दोन दिवस अबोला झाला. शेवटी डिचोलीला सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे निघाले. खतखत्याची निर्दोष सुटका झाली आणि शालनने ती गोष्ट मला आजपर्यंत विसरू दिलेली नाही.

म्हापशाच्या एका इस्पितळात सर्जनकडे गेलो. भला माणूस. म्हणाला, दुर्बिणीने काढू, दोन दिवसांत घरी. मी विचारलं, "कमरेखाली बधिर करून नाही चालणार? आमच्या वाड्यावरच्या एकाचं हर्निया तसंच केलं."

"नाही चालणार. पोटात हवा भरावी लागते. तुमच्या श्वासाचं काम तेवढा वेळ आम्हाला हातात घ्यावं लागतं."

पुढचं मला काही ऐकू आलं नाही. श्वासाचं काम हातात घेणार म्हणजे काय? आणि परत द्यायला विसरले तर? घरी येताना शालन बाजारात सुकी मासळी बघत होती आणि मी भर रस्त्यात उभा राहून आपले श्वास मोजत होतो. लक्ष देऊन श्वास घेऊन बघा कधी. धड जमत नाही.

त्याच महिन्यात दूर्वाचंही ठरलं. दूर्वा माझी नात, माझ्या मुलाची, प्रशांतची पोर, पाच वर्षांची. ही दुपारी माझ्याजवळ झोपते. तोंड उघडं, आणि घोरणं असं की अंगणातली कोंबडी बिचकावी. त्याचं आम्हाला कौतुक होतं, आबावर, म्हणजे माझ्यावर गेली म्हणायचो. पण मला एक गोष्ट खटकायची. घोरता घोरता ती मध्येच गप्प व्हायची. अगदी गप्प. मी तिच्या नाकाखाली बोट धरायचो. हवा नाही. मग ती एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास ओढायची आणि पुन्हा घोरायला लागायची. माझ्या जिवात जीव यायचा. डॉक्टर म्हणाले, नाकामागच्या गाठी आणि टॉन्सिल वाढल्यात, काढायला हव्यात. आणि कशात? पूर्ण भुलीत!

शालनने देवापुढे दोन नारळ ठेवले. एक मोठा, एक छोटा.

"दारू?" "छे!"

ऑपरेशनआधी भुलीच्या डॉक्टरांकडे तपासणी असते. मला वाटलं होतं कोणी पिकल्या मिशांचा गंभीर माणूस असेल. आत गेलो तर कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, एक बाई, आमच्या सुनेच्या वयाची, उंडो पाव आणि भाजी खात बसलेली. "या काका," म्हणाली, डबा बंद केला, हात धुतले आणि सुरू झाली.

"सिगारेट?"

"जन्मात नाही."

"विडी? तंबाखू?"

"नाही."

"दारू?"

"छे!"

शालन शेजारी मान हलवून साक्ष देत होती. आमच्या दोघांच्याही मनात पाप नव्हतं, हे लक्षात ठेवा.

बाईंनी छातीला नळी लावली. मोठा श्वास घ्या, सोडा, आणखी सोडा, पूर्ण सोडा. सोडता सोडता मला खोकला आला तो थांबेचना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"गाव कुठलं, काका?"

"लाटंबार्से."

"काजू आहेत?"

"आहेत की."

"भाटी?"

"आहे."

"मार्च ते मे तुम्ही कुठे असता?"

"भाटीवर. आणखी कुठे असणार?"

"आणि तिथे संध्याकाळी काय घेता?"

"हुर्राक घेतो. लिंबू पिळून, मीठ घालून, मिरची चिरून."

"मग दारू घेता म्हणा ना."

मला राग आला. म्हटलं, "बाई, हुर्राक म्हणजे दारू कुठे? मौसमाची गोष्ट ती!"

शालनही मदतीला धावली. "हुर्राक सगळेच घेतात हो. दारू पिणारे लोक वेगळे. हे तसले नव्हेत."

बाई हसल्या ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "मी इब्रामपूरची. माझे आजोबाही आयुष्यात कधी दारू प्यायले नाहीत. भाटी होती आमची."

आता मात्र आमची तोंडं बघण्यासारखी झाली. शालनने पदर तोंडाला लावला.

मग त्या गंभीर झाल्या. "दारूचं मला कळायलाच हवं, कारण रोज घेणाऱ्याला माझं औषध वेगळं लागतं. पण मला काळजी दारूची नाही, धुराची आहे. सिगारेट ओढली नाहीत, पण इतकी वर्षं मौसमभर लाकडाचा धूर छातीत घेतलात. ही छाती विडीवाल्याची झालीय."

एका यंत्रात फुंकायला लावलं. मी जीव खाऊन फुंकलं. त्यांनी कागद बघितला आणि मला समजावून सांगितलं, आणि ते मी इथे लिहितो, कारण तोवर मला कोणीच असं सांगितलं नव्हतं.

भूल दिली की सगळे स्नायू सैल पडतात, छातीचेसुद्धा. मग घशातून श्वासनळीत एक नळी घालतात आणि यंत्र हवा आत ढकलतं. आत ढकलायचं काम यंत्राचं. बाहेर मात्र ती आपल्या छातीतून आपोआप यावी लागते. आतल्या वाटा कफाने चिकटलेल्या आणि आवळलेल्या असल्या तर गेलेली हवा आतच कोंडते. आणि शेवटी, औषध उतरलं की छातीने आपलं काम आपण परत घ्यायचं, तेव्हा नळी निघते.

"आज झोपवा म्हणालात तर झोपवेन," त्या म्हणाल्या. "पण उठवताना मला घाम फुटेल. नळी लगेच काढता येईलच असं नाही सांगू शकत. मशीनवर राहावं लागेल, किती ते माहीत नाही. खडे थांबतील थोडे. छाती आधी सुधारू या."

रोज ओढायचा पंप दिला, तेलकट बंद, हुर्राक बंद. आणि प्लास्टिकचं एक खेळणं दिलं, त्यात तीन चेंडू आणि एक नळी.

"आणि भाटीच्या जवळपास जायचं नाही."

"अहो, मौसम तोंडावर आलाय!"

"येऊ दे की."

एवढंच बोलल्या. मी उठलो, दार ढकललं ते ओढायचं होतं, तेही धड जमलं नाही.

तीन चेंडू

घरी आल्यावर मी ते खेळणं तोंडाला लावून फुंकलं. काही झालं नाही. पुन्हा फुंकलं. म्हटलं, बिघडलेलं गळ्यात मारलं. दूर्वा समोर मांडी घालून बघत होती. ती म्हणाली, "आबा, फुंकायचं नाही, ओढायचं. सरबतासारखं." ओढलं. एक चेंडू टुणकन वर गेला आणि लगेच पडला. बाकीचे दोन जागचे हलले नाहीत.

माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली ती श्वासाने नाही, लाजेने. जो माणूस बोंडवांच्या पाट्या डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा त्याला एक पोकळ चेंडू धरून ठेवता येईना.

तेव्हापासून दूर्वा माझी पंच झाली. तिच्या आईने दम दिला होता की नळीला तोंड लावायचं नाही, म्हणून ती पोटावर आडवी पडून, हनुवटी हातांत धरून चेंडूंवर नजर ठेवायची. "वर! वर! धर! पडलो चेंडू!" स्वतः घोगऱ्या नाकातल्या आवाजात ओरडायची आणि मला खोकला आला की पाठीवर चापट्या मारायची. मी चिडलो की म्हणायची, "रागावलास तर आऊट."

दूर्वाचा दिवस

माझं पुढे गेलं, त्यामुळे दूर्वाचं आधी आलं. डॉक्टरीणबाई त्याच. मला धीर वाटला, पण एक शंका होती. दूर्वाला बाहेर पाठवून विचारली. "लहान पोर आणि मी, दोघांना तीच भूल?"

"नाही काका. पोराला फार जपावं लागतं. तुमच्या छातीत श्वासाचा साठा असतो. मोठं भाण आहे ते, धूर खाल्लेलं असलं तरी मोठं. तिचा म्हणजे एवढासा कोप, छोटा पेला. भराभर श्वास घेते आणि भराभर संपवते. तुमचा श्वास क्षणभर अडला तर मला विचार करायला सवड असते. तिचा अडला तर विचार आधीच करून ठेवलेला लागतो. म्हणून मुलाकडून मी नजर काढत नाही."

"म्हणजे तुम्ही आत असता? सगळा वेळ?"

"मग कुठे जाईन?"

"मला वाटलं, सुई देऊन जाता. सर्जन असतो ना तिथे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही भाण चढवून चहाला जाता?"

भाण चढवलं की माणूस जागचा उठत नाही. जाळ वाढला की करपतं, कमी झाला की धार तुटते, आणि दोन्ही गोष्टी पाठ फिरवली की हमखास होतात. जेवण तिथे, गप्पा तिथे, डुलकीसुद्धा एक डोळा उघडा ठेवून. बाबांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते एवढंच होतं. तेव्हा त्या बाईंवर माझा जो विश्वास बसला तो कुठल्या सर्टिफिकेटवरून बसला नसता.

सकाळी दूर्वाला घेऊन गेलो. उपाशी, म्हणून किरकिरत होती. भूल लागेपर्यंत घरचं एक माणूस आत चालेल, असं त्या इस्पितळात होतं. तिची आई दारातच रडायला लागली. प्रशांतला पुढे केलं तर पोरीने माझ्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडवेना. बाई म्हणाल्या, "जो रडणार नाही त्याने यावं." मी म्हटलं, मी नाही रडत. हिरवा झगा आणि टोपी घालून मी आत गेलो. शालन मागून म्हणाली, "लग्नात एवढं गोजिरं नव्हतं दिसलं ध्यान."

आत गार होतं. दूर्वा माझ्या मांडीवर. बाईंनी मऊ रबरी मुखवटा दाखवला. "यात फुगा फुगवायचा, आणि छान वास येतो."

"बोंडवाचो वास आसा?" दूर्वाने विचारलं.

"तो संपला गो. स्ट्रॉबेरीचा आहे."

"बरें, चलता," ती म्हणाली, मोठी बाई असल्यासारखी.

फुंकलं. पुन्हा फुंकलं. मग तिने मान हलवून मुखवटा ढकलला, माझं बोट घट्ट धरलं, पाय झाडले, आणि बोट सुटलं. तिची मान माझ्या दंडावर पडली. डोळे अर्धे उघडे आणि त्यांत बघणं नाही. पाच वर्षं मी तिला मांडीवर घेतोय, पण एवढी जड ती कधीच लागली नव्हती. नर्सने तिला उचलून टेबलावर ठेवलं. घशातून तोच घोरण्याचा आवाज आला आणि मध्येच बंद पडला, दुपारी पडायचा तसा. माझं बोट आपसूक तिच्या नाकाकडे गेलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. एका हाताने दूर्वाची हनुवटी वर उचलली, मुखवटा बसवला, दुसऱ्या हाताने एक छोटी पिशवी दाबली. हळू. दूर्वाची छाती वर आली. सोडली, खाली गेली. पुन्हा दाबली, पुन्हा वर आली. त्या हाताला घाई नव्हती आणि नजर छातीवरून ढळत नव्हती.

"आता जा काका. मी आहे इथेच."

पोरीच्या कपाळाचा मुका घेतला आणि उलट्या पावलांनी बाहेर आलो. रडलो नाही. दार लागलं, आणि मग मात्र मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडलो. सगळ्या लोकांदेखत. शालनने रुमाल दिला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काही न बोलता नुसता माझा हात धरून बसली.

किती वेळ गेला ते विचारू नका. आतून रडण्याचा आवाज आला. घोगरा, संतापलेला, "आयेऽऽऽ" असा. सुनेच्या काळजाचं पाणी झालं, पण नर्स दारातून म्हणाली, "रडू दे. रडतं पोर मोठा श्वास घेतं." मला त्या क्षणी त्या रडण्याइतकं गोड काही वाटलं नाही. तुमच्या पोराचं असं झालं तर घाबरू नका. भुलीतून उठणारी मुलं ओळख नसल्यासारखी ओरडतात, आईलाही मारतात. थोड्या वेळाने आपली होतात. दूर्वा आपली झाली ती आइसक्रीम बघून.

भाटीवरचा धूर

मार्च लागला. डोंगरावरून बोंडवांचा वास उतरायला लागला आणि मी घराच्या सोप्यात चेंडू ओढत बसलो. भाटी प्रशांतने लावली. त्याची कंपनीतली ड्युटी सांभाळून करत होता बिचारा, पण मला त्यातलं काही दिसायचं नाही. मला फक्त धूर दिसायचा. धुरावरून जाळ कळतो. मी सोप्यातून ओरडायचो, "जाळ कमी कर!" तो खालून ओरडायचा, "बाबा, मी बघतोय!" एकदा तर तो तसाच घरात आला, काळवंडलेला, घामाने निथळलेला, आणि म्हणाला, "तुम्हाला माझ्यावर भरवसा नाही तर विझवून टाकतो." मी म्हटलं, विझव. शालन मध्ये पडली नसती तर खरंच विझवली असती. त्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं नाही. घरात आजारपण आलं की राग कुठल्या तरी भलत्याच माणसावर निघतो.

एका दुपारी मला राहवलं नाही. गाय बघून येतो म्हणून गेलो आणि भाटीपाशी जाऊन बसलो. नुसता बसलो हो. प्रशांतने सरकून माझ्यासाठी जागा केली. जाळ बरोबर होता. धार तुटत नव्हती. पोराने काम चांगलं उचललं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

घरी आलो. पंच चेंडू घेऊन तयार होती. जवळ आली, माझ्या सदऱ्याला नाक लावलं. तिचं नाक आता उघडलेलं, तिला सगळे वास यायला लागले होते.

"आबा, तुका धुंवराचो वास येता."

मी सदरा काढायला लागलो.

तिने चेंडू उचलले आणि पाठीमागे लपवले. "मागीर तुजी नळी काडूंक मेळची ना! डॉक्टर म्हणाली ती!" आणि भोकाड पसरून आजीकडे पळाली.

नळी काढता येणार नाही, हे पाच वर्षांच्या पोरीने कधी ऐकलं, कधी मनात धरून ठेवलं, कोणास ठाऊक. आम्ही समजतो मुलं खेळताहेत. त्यानंतर मी भाटीकडे फिरकलो नाही. कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

मौसम सरत आला तेव्हा दोन चेंडू वर राहायला लागले. तिसरा उचकायचा. पुन्हा त्या यंत्रात फुंकलं. बाईंनी कागद बघितला. "चांगलं आहे काका. एकदम उत्तम नाही म्हणणार. पण आता मी तुम्हाला झोपवायला तयार आहे."

माझा दिवस

आदल्या संध्याकाळी दूर्वाने मला शिकवणी दिली. "रडायचं नाही. पाय झाडायचे नाहीत. वास बरो आसा." मग म्हणाली, "आबा, तुका भंय दिसता?" मी म्हटलं, हो, भीती वाटते. खोटं कशाला बोलू? तिने विचार केला. "माका पण दिसलेलें. मागीर सकाळ जाली."

सकाळी स्ट्रेचरवर झोपवून नेताना ती बाजूने चालत होती. दाराशी बाई उभ्या होत्या. दूर्वाने त्यांचा झगा ओढला. "तू आबाकडे बसणार?"

"बसणार."

"उठून जायचं नाही हं."

"नाही गो बाय."

शालन जवळ आली. मला वाटलं आता काही तरी बोलेल. तिने माझ्या अंगावरची चादर सारखी केली, टोपीत केस खोचले आणि म्हणाली, "उगाच तिथे आरडाओरडा करू नका." मग चटकन तोंड फिरवलं. पस्तीस वर्षं संसार केलेली बायको तोंड का फिरवते ते मला कळतं.

आत माझ्या तोंडावर मुखवटा ठेवला. "मोठे श्वास घ्या. नुसता प्राणवायू आहे, साठा भरून ठेवतेय." मी तक्रार केली की याला काही वास नाही. "वास लहानांना, काका. मोठ्यांना सुई." त्यांनी स्टूल ओढलं, माझ्या उशाशी बसल्या. मला त्यांचा चेहरा उलटा दिसत होता, कपाळ खाली आणि हनुवटी वर.

"बसलात?" मी विचारलं.

"बसले. भाण चढलं."

मला हसू आलं. त्या हसण्याचा श्वास मी घेतला, सोडलेला मला आठवत नाही.

मग काही नाही. स्वप्न नाही, अंधार नाही, वेळ गेल्याची जाणीवही नाही. त्यानंतर एकदम लांबून कोणी तरी हाक मारतंय. काका. काका, श्वास घ्या. घशात काहीतरी अडलेलं, छाती दगडाखाली सापडल्यासारखी, आणि घ्यायचा तर आहे पण कसा घेतात तेच आठवेना. हा सगळ्यात वाईट क्षण. तुम्हाला कदाचित तो आठवणारही नाही, पुष्कळांना आठवत नाही. मला आठवतो. छातीवर एक हात होता, आणि कोणीतरी म्हणालं, "ओढा काका. वर! धरा!" मला वाटलं पंच आली. मी ओढला. चेंडू ओढतात तसा, पोटापासून. खोकला आला, नळी सुटली, आणि हवा आत गेली. माझी मी घेतलेली.

पहिले शब्द म्हणे मी बोललो ते, "जाळ कमी कर रे." अख्खं थिएटर हसलं.

दुसऱ्या दिवशी बाई बघायला आल्या. मी विचारलं, घाम फुटला का? "थोडा फुटला," म्हणाल्या. मध्ये एकदा छाती आवळली होती, हवा आत जाईना, औषध द्यावं लागलं, वाट बघावी लागली. "पण सुटली." त्या गेल्यावर नर्स म्हणाली, "तुमच्या केसनंतर मॅडम पाणी प्यायल्या ते उभ्यानेच बाटली संपवली. मध्ये उठल्याच नाहीत."

घसा आठवडाभर खरवडल्यासारखा होता. खोकताना पोटाला उशी दाबून धरायची, ही युक्ती लक्षात ठेवा, फार उपयोगी. पेज गोड लागते. बायकोचा आरडाओरडाही गोड लागतो, पण हे तिला सांगू नका.

आता

भाटी प्रशांतचीच झाली. त्याने धुरासाठी उंच पाइप बसवला, जे मी जन्मात केलं नाही. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब कदेल टाकून बसतो आणि सल्ले देतो, ते तो ऐकत नाही. तिसरा चेंडू अजून पुरता वर राहत नाही. चालायचंच.

दूर्वा आता झोपते ती तोंड मिटून. आवाज नाही, काही नाही. इतकी शांत की सुरुवातीला मीच घाबरायचो आणि नाकाखाली बोट धरायचो. बोटाला ऊन ऊन हवा लागायची, मग झोप यायची.

परवा दुपारी जेवून आडवा झालो. डोळा लागला होता. नाकाखाली काहीतरी गुदगुल्या झाल्या, माशी असेल म्हणून मी हलणार, इतक्यात किलकिल्या डोळ्यांतून दिसलं. दूर्वा माझ्या उशाशी मांडी घालून बसली होती. एक हात गालाला, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या नाकाखाली धरलेलं, आणि नजर माझ्या छातीवर. बाहेर तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या, खेळायला चल म्हणून. ती जागची हलली नाही.

आतून शालनने विचारलं, "गो, काय करतेस तिथे? जा ना खेळायला."

"श्शू! आबा झोपलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी उठून कशी येऊ?"

मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि तिच्या बोटाला नीट कळेल असा, एक मोठा श्वास सोडला.